डावं चाक

बाप गेल्यावर श्रीपत आणि सोमा या भावांची वाटणी झाली, तेव्हा तसं भांडण कशावरूनच झालं नाही. घराच्या मधोमध कुडाची भिंत घातली. भाताची खाचरं मोजली, डोंगराकडची वरकस जमीन पावलांनी मापून तिचे दोन भाग केले. बैल दोनच होते, ते एकेकाला आले. तांबडा थोरल्या श्रीपतला आणि हौशा धाकट्या सोमाला.

राहिली गाडी. रबरी टायरची गाडी. कोंडाणे गावात तशा तीनच. ती कापून वाटता येत नव्हती आणि दोघांतला कुणी सोडायला तयार नव्हता. पंचांतला कोंडीराम म्हातारा सकाळपासून उपाशी बसलेला. दुपार कलली तशी तो वैतागून म्हणाला की गाडी एक दिवस याची, एक दिवस त्याची. बैल दोघांनीही एकमेकांना द्यायचे. आणि दुरुस्तीचं म्हणाल तर उजवं चाक श्रीपतचं, डावं सोमाचं. ज्याचं चाक त्यानं बघावं. लोक हसले. पण कागदावर तसंच लिहिलं गेलं, अंगठे उठले आणि कोंडीराम जेवायला गेला.

ही गोष्ट त्यानंतर दोन वर्षांनी, चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात घडली.

गवताचा हंगाम होता. भातं झोडून झाली की कोंडाण्याची माणसं वरकसावर चढत. विळ्याला धार लावायची, कासोटा मारायचा आणि उजाडल्यापासून वाकायचं. सोमाची बायको चंद्रभागा आणि तिची थोरली जाऊ विमल, दोघींनी महिनाभर गवत कापलं होतं. बोटांना चिरा पडलेल्या, पाठी आखडलेल्या. गडी भारे बांधत आणि गाडीनं कर्जतच्या गवताच्या वखारीवर नेत. तिथं दाबयंत्रात गाठी बांधल्या जात आणि रेल्वेच्या वाघिणी भरून मुंबईच्या तबेल्यांना जात. वखारीच्या मुकादमानं सांगून ठेवलं होतं की पुढच्या शनिवारपर्यंत गवत घेऊ, मग वखार बंद. शनिवारनंतर वरकसावर राहील ते वणव्याच्या तोंडी. दरसाल कुठून तरी ठिणगी पडे आणि डोंगर उभा पेटे.

सोमाच्या पाळीचा दिवस होता. गाडी भरून वाटेतल्या कोंडिवडे गावाच्या अलीकडं आली आणि डाव्या बाजूनं फुस्स झालं. चंद्रभागा गाडीमागून चालत होती. तिनं आधी हौशाकडं बघितलं. गाडी डावीकडं बसली तसं जू त्याच्या मानेवर दाबलं गेलं आणि त्यानं गुडघे किंचित वाकवले. हा बैल तिच्या माहेरचा. खालापुराकडच्या बापानं तिला वासरू म्हणून दिलेला. गेल्या पंधरा दिवसांत हे चौथं पंचर. डावा टायर झिजून चपटा झालेला, त्यामुळं गाडी भरली की डावीकडं कलायची आणि सगळा भार हौशाच्या मानेवर यायचा. मानेवरची कातडी निघून रुपयाएवढं लाल मांस दिसू लागलं होतं. चंद्रभागा रोज हळद आणि तेल भरायची, आणि रोज ते जुवाखाली पुसून जायचं.

बैल सोडले, अर्धे भारे उतरवले, आखाखाली दगड आणि ओंडका लावला. सोमानं पान्ह्यानं चाक काढलं आणि ते ढकलत तो कर्जतला गेला. चंद्रभागा उन्हात गवताशेजारी बसून राहिली. येणारा जाणारा विचारी, काय झालं. ती सांगे, पंचर. तिसऱ्या-चौथ्या माणसापासून ती नुसतं चाकाच्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवू लागली.

सोमा आला तो दुपार टळल्यावर. चाक बसवलं, भारे पुन्हा चढवले. हिरामण काय म्हणाला, असं चंद्रभागेनं विचारलं. हिरामण म्हणजे कर्जतच्या फाट्यावरचा पंचरवाला.

"काय म्हनायचा? ठिगळ लावलं," सोमा म्हणाला आणि त्यानं बैलांना हाक घातली.

एवढंच बोलून गप्प झाला म्हणजे हिरामण आणखी काहीतरी बोलला असणार, हे तिनं ओळखलं.

गाडी परत यायला दिवेलागण झाली आणि ओसरीवर श्रीपत वाट बघत बसलेला. त्याचा तांबडा उगाच दिवसभर रस्त्यात ताटकळला, उद्या त्याची पाळी आणि बैल दमलेला, हे त्यानं सोमाला ऐकवलं. टायर बदल म्हणून दिवाळीपासून सांगतोय, हेही ऐकवलं. सोमा म्हणाला की रस्त्यानं डावीकडनं चालायचा कायदा आहे, जाताना डावं चाक कडेच्या दगडांत आणि येतानाही डावंच चाक कडेच्या दगडांत, उजवं मात्र कायम गुळगुळीत डांबरावर. तेव्हा झीज दोघांनी सोसावी. श्रीपत म्हणाला की मग मधनं हाक. सोमा म्हणाला की नवा टायर मी घालायचा आणि एक दिवसाआड त्यावर तू बसायचं, हा कुठला न्याय. श्रीपतनं कागद काढला. दोघांनाही वाचता येत नव्हतं, पण त्यात काय लिहिलंय ते दोघांना तोंडपाठ होतं.

कुडाच्या भिंतीच्या दोन्ही अंगांना चुली पेटलेल्या. चंद्रभागा भाकरी थापत होती. पलीकडून विमलचा आवाज आला, तिला एकटीला ऐकू जाईल एवढाच.

"चंद्रे, तुझ्याकडं मीठ हाय का गं? हे दोघं काय आज जेवायला यायचे नायत."

कुडाच्या फटीतून मीठ गेलं. भावांची वाटणी झाली होती, जावांची कुणी केली नव्हती.

दोन दिवसांनी पुन्हा पंचर झालं आणि आखाखालचा ओंडका सरकवताना सोमाच्या कमरेत चमक भरली. जागच्या जागी वाकला तो वाकलेलाच राहिला. त्याला तसाच धरून घरी आणला आणि बाजेवर कुशीवर निजवला. हलला की ओरडायचा.

आणि दुसऱ्याच दिवशी, श्रीपतच्या पाळीला, डावा टायर गावाच्या वेशीतच बसला. श्रीपतनं मुकाट्यानं चाक काढलं, ढकलत सोमाच्या अंगणात आणलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

"तुझं चाक," आतल्या बाजेकडं बघून तो म्हणाला, आणि भिंतीपलीकडं जाऊन तंबाखू मळत बसला. खरं तर त्याचाही दिवस फुकट जात होता. वेशीत त्याचंच गवत भरलेली गाडी तीन पायांच्या जनावरासारखी उभी होती. पण कागद तो कागद.

सोमा बाजेवरून म्हणाला की बघू उद्या. उठायला गेला आणि पुन्हा ओरडला.

चंद्रभागेनं हौशाला पाणी दाखवलं, त्याच्या मानेवरच्या माश्या हाकलल्या. मग तिनं पदर खोचला, भाकरी फडक्यात बांधून कमरेला अडकवली आणि चाक उभं केलं. सोमानं आतून विचारलं की कुठं चाललीस. चाक सांभाळण्यात तिचे दोन्ही हात आणि सगळं ध्यान गुंतलं होतं.

गावाबाहेर येईपर्यंत ते तीनदा आडवं पडलं. लोखंडी रिंगेचं जड धूड. पडलं की उचलताना डोळ्यांपुढं काजवे चमकत. तिसऱ्यांदा ती ते उचलायला वाकली तर समोरून आणखी दोन हात आले. विमल होती. कमरेला विळा, डोक्यावर चुंबळ.

"मी गवताला जाते म्हनून निघाले," विमल म्हणाली. "धर तिकडनं."

दोघींच्या हाती चाक शहाण्यासारखं चालू लागलं. वरून हात ठेवायचा, ढकलायचं नाही, नुसतं चुचकारायचं, हे त्यांना हळूहळू कळलं. कोंडिवड्याच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी बोलणं थांबवून दोघींकडं बघितलं. एकानं विचारलं की गडीमाणसं कुठं गेली.

"घरीच हायेत," चंद्रभागा म्हणाली. "वाटणीत बसलेत."

पुढं ओढ्याचा उतार लागला. तिथं मात्र चाकानं दोघींचं ऐकलं नाही. विमलच्या हातून निसटलं, चंद्रभागा पदर सावरत मागं धावली, पण ते उड्या मारत थेट पाण्यात शिरलं. नागू नावाचा एक जण तिथं म्हशी धूत होता. दोन म्हशी उठून पळाल्या आणि चाक तिसरीच्या पाठीला टेकून थांबलं. त्या म्हशीनं वळून त्याचा वास घेतला. नागूनं चाकाकडं बघितलं, वर उभ्या दोघींकडं बघितलं आणि विचारलं की गाडी कुठाय.

"मागनं येतेय," विमल म्हणाली.

आणि मग दोघींना जे हसू फुटलं ते आवरेना. दोघी काठावर बसल्या. चंद्रभागेच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या दिवसांत ती हसलीच नव्हती, हे तिला तेव्हा उमगलं. नागूनंच चाक वर काढून दिलं.

हिरामणचं दुकान फाट्यावर, चिंचेखाली. पुढं पत्र्याची शेड, मागं घर. रसायनीच्या एका कारखान्यात त्यानं बरीच वर्षं ट्रकांच्या टायरांवर काम केलं होतं, मग स्वतःचं दुकान टाकलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टायर उचकटायच्या टॉम्या आणि कानशी ओळीनं टांगलेल्या. दोघी बायका चाक घेऊन आलेल्या बघून त्यानं काही विचारलं नाही. आधी घागर पुढं केली, मग चाक ओळखलं.

"कोंडाण्याचा सोमा," तो म्हणाला. "माणूस नाय ओळखणार एक वेळ, ह्यो टायर वळखतो मी."

त्यानं टॉमी घालून टायर उकलला, ट्यूब ओढून काढली, हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवली. बुडबुडे आले. चंद्रभागा वाकून बघत होती. ट्यूबवर ठिगळं इतकी की मूळ रबर शोधावं लागत होतं. तिनं मोजली. एकोणीस होती.

तिनं विचारलं की काटा कुठला लागला. हिरामणनं ट्यूब बाजूला ठेवली आणि टायर तिच्यापुढं धरला.

"काटा नाय. हात घाला आत. जपून."

तिनं हात घातला. आतून टायर मऊ असेल असं तिला वाटलं होतं. पण तिथं धागे तुटून वर आलेले, कापलेल्या गवताचे बुडखे पायाला टोचावेत तसे ते हाताला टोचले. एका जागी तर बोट थेट बाहेर निघालं.

"टायरच ट्यूब खातोय," हिरामण म्हणाला. "मी ठिगळ लावतो, हा पुन्हा खातो. सोमाला चारदा सांगितलं. ठिगळाला माझी ना नाय, माझं पोटच त्यावर हाय. पण हे चाक आज नेलंत की परवा परत आणाल."

चंद्रभागेनं हात बाहेर काढला आणि तशीच उभी राहिली. महिनाभर नवरा काट्यांना शिव्या घालत होता, रस्त्याला घालत होता, भावाला घालत होता. आणि दुखणं हे इथं, आत.

विमलनं विचारलं की दुसरा टायर आहे का. हिरामणनं शेडच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. रसायनीच्या एका ट्रकचे उतरवलेले दोन टायर होते. ट्रकला निकामी, पण बैलगाडीला पाच-सहा वर्षं सहज जातील असे. नक्षी अजून बोटाला लागत होती. मात्र त्यानं एक गोष्ट आधीच सांगितली. हे टायर दोन बोटं उंच आहेत. डाव्या चाकाला एकच घातला तर गाडी उजवीकडं कलेल आणि उजव्या बैलाची मान सोलली जाईल. बदलायचे तर दोन्ही बदलावेत.

उजवा बैल म्हणजे तांबडा. विमलचा. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

मागच्या घरातून म्हैस ओरडली. हिरामणची बायको जयवंता दारात आली आणि म्हणाली की सगळं चांगलं गवत वखारीवाले नेतात, दिवाळीपासून म्हशीला काडीकचरा घालावा लागतोय, दूध आटलं. ती नवऱ्याला सांगत होती, पण ऐकलं चंद्रभागेनं.

"एका टायरला एक गाडी गवत दिलं तर?" तिनं विचारलं. "वरकसावरचं, कोवळं असताना कापलेलं."

हिरामणनं बायकोकडं बघितलं. जयवंतानं विचारलं की दोन टायरांना दोन गाड्या का. हिरामण म्हणाला की मग मला कशाला विचारता, तुमचं ठरलं की.

अडचण एवढीच होती की उजवं चाक श्रीपतचं आणि ते गाडीलाच होतं. चंद्रभागा म्हणाली की घरी जाऊन दोघांना सगळं सांगू. विमलनं नाही म्हणून मान हलवली. तिला आपला नवरा ठाऊक होता. आपण सांगितलं तर तो मरेस्तोवर नाही म्हणेल. त्याला स्वतःलाच सुचू दे. तोवर दुसरा टायर हिरामणनं कुणाला देऊ नये, एवढंच तिनं ठरवून घेतलं. तिच्या वाटच्या गवताची गाडी तिची जबाबदारी.

घरी परतताना चढ होता, पण नवा टायर दगडावरून टणाटण उड्या मारत चालला. ओढ्यात नागू अजून होता. त्यानं लांबूनच म्हशी बाजूला घेतल्या.

सोमानं बाजेवरून ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला की कुणाचं गवत दिलं.

"माझं," चंद्रभागा म्हणाली.

"तुझं कुठलं?"

"मी कापलेलं."

सोमानं बाजेच्या कडेला हात टेकून अंग उचललं. मग म्हणाला की जरा धरून बाहेर ने. भिंतीला हात लावत आला, टायरवर अंगठा दाबून बघितला, नक्षीवरून नख फिरवलं. तोंडावरचं हसू लपवायला त्यानं कण्हून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी उजवीकडं कलू लागली. हौशाची मान वर आली, तो कान हलवत चालू लागला. तांबड्यानं मान खाली घातली. श्रीपतनं पहिल्या दिवशी सांगितलं की रस्ता तिकडं उतरता आहे. येताना तोच रस्ता दुसऱ्या बाजूला उतरता असायला हवा होता, पण तसं कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जुवाखाली गोणपाटाची घडी घातली. संध्याकाळी विमल तांबड्याच्या मानेला तेल लावत बसली, मुद्दाम ओसरीसमोर, नवऱ्याला दिसेल अशी. तो पाठ करून बसला. चंद्रभागेला बैलाची कीव आली. ती भिंतीजवळ जाऊन म्हणाली की बाय, आता सांगून टाक. पलीकडून उत्तर आलं, अजून एक दिवस.

गुरुवारी दोन्ही घरची माणसं निघाली, कारण शनिवार जवळ आला होता आणि बरंच गवत पडून होतं. सोमा काठी टेकत का होईना चालू लागला होता. श्रीपतनं त्या दिवशी गाडी स्वतः भरली. कुणाला हात लावू दिला नाही. उजवीकडं कलते ना, मग डावीकडं जास्त भारे रचायचे. त्यानं रचले. वर चढून दोर आवळला आणि खाली उतरून गाडीकडं असा बघू लागला की बाकीच्यांनीही बघावं. गाडी खरंच सरळ उभी होती.

कोंडिवड्याच्या वळणापर्यंत सरळच चालली. वळणावर एक बैलगाडी समोरून आली, तिला वाट द्यायला श्रीपतनं गाडी कडेला घेतली, डावं चाक रस्त्याखाली उतरलं आणि सगळं गवत आपल्या मनानं चालू लागलं. चंद्रभागेनं मागून बघितलं. गाडी घाईनं पडली नाही. म्हातारं माणूस आडवं होतं तशी, थांबत थांबत, शेजारच्या वालाच्या शेतात आडवी झाली. जुवाची खुंटी म्हणजे शिवळ मोडली, बैल सुटून बाजूला झाले. भाऱ्यांचा ढीग वालावर पडला आणि श्रीपत दिसेनासा झाला.

विमलच्या हातातली दुरडी पडली. मग ढिगाखालून आवाज आला.

"बैल बगा आधी."

"बैल बरे हायेत," सोमा म्हणाला. "तू कसा हायेस?"

गवत हललं. मग श्रीपतचं डोकं निघालं. केसांत गवत, मिशीत गवत, कानावर वालाची वेल लोंबत होती. त्यानं एकेक हात हलवून बघितला. कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. विमल त्याच्याकडं बघत होती, तिनं पदर तोंडाशी नेला, पण उपयोग झाला नाही. ती रस्त्यातच खाली बसली आणि हसू लागली. सोमाला हसू आलं की कमरेत कळ यायची, तरी तो काठीवर वाकून हसला. चंद्रभागा मोठ्या दिरासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. तिनं पाठ फिरवली, पण खांदे हलत होते ते सगळ्यांना दिसले.

श्रीपत ढिगावर बसून राहिला. मिशीतली काडी काढून त्यानं ती न्याहाळली. मग उठून उजव्या चाकापाशी गेला.

"पान्हा दे," तो सोमाला म्हणाला. "माझं काढायचंय."

चाक निघाल्यावर तो एकटाच ते ढकलू लागला. दहा पावलांवर ते आडवं पडलं. सोमा काठी टाकून पुढं झाला. म्हणाला की वरनं हात ठेव, ढकलू नको; बायका सांगत होत्या. दोघे भाऊ एका चाकाला धरून वळणाआड गेले, एक ताठ, एक कमरेत वाकलेला, आणि बराच वेळ त्यांचं भांडणही ऐकू येत राहिलं.

वालाचं शेत जैतू नावाच्या माणसाचं होतं. तो आला तो तावातावानंच. वेली चेंगरल्या होत्या, फुलावर आलेलं पीक. दोघी जावांनी आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग भारे उचलून रस्त्याच्या कडेला रचले, एकेक वेल हलक्या हातानं उभी केली, मोडलेल्यांना मातीचा आधार दिला. जैतू बांधावर बसून सांगत होता की इकडची राहिली, तिकडची राहिली. दुपारपर्यंत त्याचा राग ओसरला आणि त्यानं दोघींना पाणी आणून दिलं. जाताना मात्र त्यानं बजावलं की पुन्हा पडायचं असेल तर पलीकडच्या अंगाला पडा, तिकडं पडीक आहे.

भाऊ परतले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. चाकाला नवा टायर होता. सोमाच्या चेहऱ्यावरून चंद्रभागेला सगळं कळलं. नंतर त्यानं सांगितलंही. श्रीपत वाटभर घोकत गेला होता की हिरामणला कशी गळ घालायची, काय कबूल करायचं. दुकानात जाऊन तोंड उघडलं, तर हिरामण म्हणाला की तुमचा टायर तीन दिवस झाले बाजूला ठेवलाय, वहिनी सांगून गेल्या, म्हशीचं गवत तेवढं लवकर पाठवा.

श्रीपतनं चाक बसवलं. गाडी उभी केली, मोडकी शिवळ काढून बांधावरच्या निरगुडीची नवी तासून घातली, बैल जुंपले. मग पुढं उभा राहून त्यानं जुवावर आडवा हात ठेवला. जू सपाट होतं. तांबड्यानं मान हलवली, हौशानं हलवली. श्रीपत विमलकडं न बघता म्हणाला,

"माझ्या गवतातली गाडी दिलीस. मला न विचारता."

"विचारलं असतं तर काय म्हनला असता?"

श्रीपतनं विचार केला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"नाय म्हनलो असतो," तो म्हणाला.

"म्हनून नाय विचारलं."

त्यानं भारा उचलला. चौघांनी मिळून गाडी भरली, आणि वखारीला उशीर झालाच होता तर ही गाडी सरळ हिरामणच्या दारात न्यावी, असं श्रीपतनंच सुचवलं. जयवंतानं भारा हुंगून बघितला आणि तिचं तोंड फुललं. परसात गवत रचून झालं. चहा घेणार का, असं तिनं जरा थांबून विचारलं. श्रीपत दाराशी घुटमळला. विमल आत जाऊन बसली, तिनं कप घेतला, बशीत ओतून प्यायली. मग श्रीपतनंही टोपी सारखी केली आणि आत येऊन बसला. चहा झाल्यावर त्यानं आणखी अर्धा कप मागितला. म्हशीचं दूध आटलं म्हणता, पण चहा दाट आहे, असं तो हिरामणला म्हणाला.

हे गवत कुणाच्या वाटचं धरायचं, विमलच्या की चंद्रभागेच्या, हे परतताना सोमानं काढलं. भाऱ्यांची मिसळ झालेली, वालाच्या शेतात कुणाचा कुठला ते ओळखायला येत नव्हतं. श्रीपत म्हणाला की दोन गाड्या द्यायच्यात, एक दिली, एक राहिली, त्यात धरायचं काय. सोमा म्हणाला की पण कागदात. श्रीपत म्हणाला की कोंडीरामाला भूक लागली होती त्या दिवशी.

शुक्रवार आणि शनिवार दोन्ही दिवस गाडी उजाडण्याआधी निघे. पाळी कुणाची हे कुणी विचारलं नाही. एकानं हाकायचं, एकानं भरायचं. बायकांनी वरून भारे खाली गडगडवायचे. शनिवारी दुपारी हिरामणची दुसरी गाडी पोचती झाली, आणि वखारीची शेवटची वाघीण भरायच्या आत त्यांचं शेवटचं गवत दाबाखाली गेलं. मुकादमानं हात झटकून पुरे म्हटलं.

रिकामी गाडी परत निघाली तेव्हा चौघेही वर बसले. गाडीला आवाज नव्हता. लोखंडी धावेची गाडी कोसावरून ऐकू येते. ही नुसती तरंगत होती. घराकडचा रस्ता बैलांना ठाऊक होता, ते आपखुशीनं धावत होते. थोडं गेल्यावर श्रीपतनं कासरा सोमाच्या हातात दिला, गाडीच्या साटीतला उरलेला मूठभर पाचोळा डोक्याखाली घेतला आणि आडवा झाला. कोंडिवडं यायच्या आत तो घोरू लागला.

विमल आणि चंद्रभागा मागं पाय सोडून बसल्या होत्या. विमलनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, त्याच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून आपल्या पदराचं टोक त्याच्या डोळ्यांवर टाकलं, आणि सोमाला म्हणाली,

"सावकाश हाक रं. झोपलेत."

सोमानं कासरा ओढला. बैल चालीवर आले.